बिडाची अडणी, मॅनहोलच्या झाकणावरून : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

ठरलं. गरम भांड्याखाली ठेवायला बिडाची अडणी करायची आणि तिची घडण शहरातल्या मॅनहोलच्या झाकणांवरून घ्यायची.

अशा अडण्या बाजारात आहेत. लेझरने कापलेला पत्रा आणि त्यावर झाकणाचं चित्र. दिसायला बऱ्या आहेत, पण झाकण ज्या कारणांनी तसं असतं त्यातलं एकही कारण त्यांत उतरलेलं नाही. रस्त्यावरच्या झाकणाचे उंचवटे पायाला आणि टायरला पकड मिळावी म्हणून असतात. मधल्या चरींतून पाणी निघून जातं. खालच्या बाजूच्या जाड रिब, म्हणजे उभ्या पट्ट्या, ओझं पेलतात आणि अक्षरांवरून झाकण कुठल्या खात्याचं ते कळतं. अडणीचं मागणंही फार वेगळं नाही: भांडं सरकू नये, खालून हवा खेळावी, भरलेल्या कुकरचं वजन निमूट सोसावं. म्हणून चित्र उचलायचं नाही, रचना उचलायची. या वहीत तेवढंच तपासत राहायचं आहे.

१२ जानेवारी

मुंबई, फोर्ट. रस्ते रिकामे असतात म्हणून रविवारी सकाळीच ठसे घ्यायला गेले. झाकण ब्रशने झाडून घ्यायचं, त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटपट्टीने ताणून बसवायचा आणि मेणाचा काळा खडू आडवा धरून घासत जायचं. उंचवटे काळे उमटतात, चरी पांढऱ्या राहतात. फोटोत कॅमेऱ्याच्या कोनामुळे आणि सावल्यांमुळे माप फसतं. ठशात सगळं एकास एक मिळतं.

एका झाकणाचा ठसा अर्धा ठळक आणि अर्धा पुसट आला. कागद उचलून बोट फिरवलं तेव्हा उलगडा झाला. चाकाखाली येणाऱ्या बाजूचे चौकोन झिजून त्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या आहेत, आणि फुटपाथकडच्या चौकोनांवर ओतकामाचा खरखरीतपणा अजून शाबूत आहे. एकाच झाकणावर दोन वयं. अडणीच्या चौकोनांच्या कडा पहिल्यापासूनच किंचित गोल ठेवायच्या, हे तिथेच लिहून घेतलं. धारदार कडेने स्टीलच्या पातेल्याचा तळ ओरखडतो.

मोठ्या झाकणांपेक्षा जास्त वेळ पाण्याच्या व्हॉल्व्हच्या लहान झाकणांपाशी गेला. विहार तलावाचं पाणी मुंबईला १८६० मध्ये मिळालं, तानसाचं १८९२ मध्ये. त्या काळापासून नळ, व्हॉल्व्ह आणि त्यांची झाकणं या रस्त्यांच्या पोटात बसत आली आहेत. स्लूस व्हॉल्व्हवर, म्हणजे नळातलं पाणी बंद-चालू करणाऱ्या झडपेवर, 'एस व्ही' ही दोन अक्षरं. बाहेर चौकट, आत छोटं झाकण, आणि दोघांमध्ये नखभर फट. ही फट महत्त्वाची वाटते आहे.

नव्या वस्त्यांत बिडाची झाकणं कमीच दिसतात. भंगारात भाव येतो म्हणून ती चोरीला जातात, आणि त्यांच्या जागी काँक्रीटची किंवा फायबरची येतात. ती त्यांचं काम करतात, पण त्यांचा ठसा घ्यावा असं मला वाटलं नाही.

१९ जानेवारी

मोजमाप. ६०० मिलिमीटरचं झाकण सरळ तिसऱ्या हिश्श्याएवढं लहान केलं तर २०० मिलिमीटरची अडणी होते. पण मग ६ मिलिमीटरचा उंचवटा २ वर येतो आणि १२ची चर ४ वर. कागदावर फार देखणं दिसतं. स्वयंपाकघरात मात्र ४ मिलिमीटरच्या चरीत उतू गेलेलं दूध आणि डाळ जाऊन बसते, आणि तिथे ना घासणी पोचते ना फडक्यातलं बोट. म्हणजे नक्षी लहान करून चालणार नाही. कमी चौकोन, मोठे चौकोन, आणि मधली चर फडकं गुंडाळलेलं बोट फिरेल एवढी. ९ मिलिमीटर धरली. उंचवटा ४.

युरोपच्या ईएन १२४ मानकात एक चांगला आधार सापडला. झाकणाच्या उंचवट्यांनी एकूण पृष्ठभागाच्या १० ते ७० टक्के जागा व्यापावी असं त्यात म्हटलं आहे. फार कमी असली तर चाकाला टेकायला जागा नाही, फार जास्त असली तर पृष्ठभाग जवळजवळ सपाटच. माझा आराखडा ४०च्या आसपास येतो आहे. भांड्यालाही हेच लागू पडतं: टेकायला पुरेसं, पण खाली हवेला वाट ठेवून.

आपल्याकडचं मानक आय.एस. १७२६. त्यात झाकणांचे वर्ग ओझ्यावरून पडतात: एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२० आणि ईएचडी-३५. आकडे टनांचे. फुटपाथ किंवा अंगणातलं झाकण हलकं, ट्रकच्या वाटेवरचं जड. रस्त्यात 'एचडी-२०' अशी ओतीव अक्षरं दिसली तर ती याचीच.

२६ जानेवारी

मोठं झाकण लहान कसं होतं याचं उत्तर लंडनच्या फुटपाथवर दीडशेहून जास्त वर्षांपासून आहे. तिथल्या जुन्या घरांच्या तळघरात कोळसा ओतायला फुटपाथमध्ये गोल भोक असे आणि त्यावर बिडाचं झाकण. साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे थोरल्या परातीहूनही लहान. भोक मुद्दाम लहान, म्हणजे त्यातून चोराला उतरता येऊ नये. १८६३ मध्ये शेफर्ड टेलर नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने रस्तोरस्ती फिरून या झाकणांची चित्रं काढली होती. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर घरातला कोळसा हळूहळू गेला, झाकणं मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

या झाकणांचे फोटो समोर ठेवून बसले. जवळजवळ सगळी नक्षी मधल्या बिंदूतून बाहेर जाते. चांदण्या, पाकळ्या, एकात एक वर्तुळं. चौकोनी जाळी लहान गोलात बसवली की कडेला चौकोनांचे कापलेले तुकडे उरतात. मोठ्या झाकणावर ते खपून जातात, लहानावर नजर तिथेच अडते. शिवाय असे निमुळते तुकडे वाळूत नीट उठत नाहीत. चौकोनी जाळी रद्द. वर्तुळांच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेतले ठोकळे आधीच्या रांगेच्या फटीसमोर.

४ फेब्रुवारी

कागदी आराखडा कापून ओट्यावर ठेवला तर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आणि कढई कशी बसायची यावर?"

बरोबर. गोल बुडाची कढई सपाट अडणीवर डुगडुगते. कढईला रिंगण हवं आणि चहाच्या पातेल्याला सपाट जागा. दोन अडण्या करायच्या नाहीत.

उत्तर झाकणांतच होतं. जपानमध्ये मोठ्या झाकणाच्या पोटात लहान झाकण बसवलेली जोडझाकणं असतात. एरवी लहान उघडून काम भागतं, अवजड यंत्र उतरवायचं असेल तेव्हाच थोरलं निघतं. माझी अडणीही तशीच: २०० मिलिमीटरचं बाहेरचं कडं आणि आत ८८ची चकती. चकती जागेवर असली की सपाट अडणी, उचलली की कढईसाठी रिंगण. आणि काढलेली चकती दुधाच्या छोट्या पातेल्याखाली. कड्याला आतून एक बैठक, तिचं भोक ८० मिलिमीटर. ८८ची गोल चकती ८०च्या भोकातून कुठूनही, कशीही धरली तरी पडू शकत नाही. मॅनहोलचं झाकण गोल असण्याचं हे एक मोठं कारण. चौकोनी झाकण कर्णाच्या दिशेने उभं धरलं की आत जातं. शिवाय गोल चकती कुठल्याही बाजूने फिरवून ठेवली तरी बसते, घाईच्या वेळी जुळवत बसावं लागत नाही.

चकती उचलायला एक आयताकृती भोक, रस्त्यावरच्या झाकणाला चावी घालायला असतं तसं. इथे चावी म्हणजे पळीचं टोक. तापलेल्या चकतीला हात लागता कामा नये.

जपानचा विषय निघालाच आहे तर हेही लिहून ठेवते. यासुताके कामेदा या बांधकाम मंत्रालयातल्या अधिकाऱ्याने १९८५ मध्ये गावोगावच्या पालिकांना सुचवलं की झाकणांवर आपापल्या गावाची ओळख ओता. भूमिगत गटारांच्या खर्चाबद्दल लोकांना आपलेपणा वाटावा, हा हेतू. ओसाकाच्या झाकणावर किल्ला आणि चेरीची फुलं, टोकियोच्या झाकणावर चेरी, गिंकोचं पान आणि समुद्रपक्षी. २०१६ पासून या झाकणांची कार्डंही निघतात आणि लोक ती जमवत गावं पालथी घालतात. मला हे मनापासून आवडतं. पालिकेने जमिनीखालच्या कामाचा अभिमान जमिनीवर मांडला, यापेक्षा चांगली कल्पना नागरी कामात मी फार पाहिलेली नाही. पण त्यातले रंग चरींमध्ये भरलेल्या रेझिनचे असतात. गॅसवरून उतरवलेल्या तव्यापुढे ते टिकणार नाहीत. माझी अडणी काळीच.

१० फेब्रुवारी

कढईचा प्रश्न सुटल्यावर सासूबाईंनी दुसरा विचारला, तो सुटलेला नाही. "सगळं खरं गं, पण गटाराचं झाकण जेवायच्या टेबलावर कशाला?"

भट्टीतून आलेलं कोरं बीड आहे, असं मी म्हणाले. ते त्यांनाही माहीत होतं. त्यांचा प्रश्न लोखंडाचा नव्हताच. झाकणाखाली जे आहे त्याचा होता, आणि तिथे जे उतरतात त्यांचाही. आपल्या घरांत विटाळाची रेघ ज्या वस्तूंवरून आणि ज्या माणसांवरून ओढली गेली, त्यात हे झाकण येतं. माणसाला विनासाधन गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू आला तर कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, म्हणजे मरण थांबलेलं नाही. ही माणसं नसती तर आपलं एकही शहर चार दिवस राहण्याजोगं उरलं नसतं. त्यांच्या कामाच्या दाराचा आकार जेवणाच्या टेबलावर यावा, असं मला वाटतं. तो तिथे बसायला लाजिरवाणा नाही.

सासूबाईंना हे सगळं पटलं असं नाही. मीही रेटलं नाही.

दोन निर्णय मात्र झाले. पालिकेचं बोधचिन्ह किंवा आद्याक्षरं अडणीवर घ्यायची नाहीत. ती त्या रस्त्याची आहेत. आणि खोक्यात जो कागद जाईल त्यावर या झाकणाखाली काय असतं आणि ते कोण सांभाळतं, हे सरळ लिहायचं. गंमत म्हणून ही वस्तू विकायची नाही.

२२ फेब्रुवारी

कोल्हापूर, उद्यमनगर. ऑइल इंजिन आणि उसाचे चरक यांच्यावर इथलं ओतकाम वाढलं, आता बहुतेक माल गाड्यांच्या कारखान्यांना जातो. एवढ्याशा अडणीसाठी कोण दारात उभं करेल अशी धाकधूक होती, पण पॅटर्नवाल्या काकांनी आराखडा बराच वेळ न्याहाळला. पॅटर्न म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना.

"ताई, ड्राफ्ट कुठाय ह्याला? सरळ भिंत हाय सगळी. वाळूतनं निघायचं न्हाई."

ड्राफ्ट म्हणजे उतार. प्रत्येक ठोकळ्याच्या भिंतीला तो दोन अंशांचा दिला, म्हणजे पॅटर्न उचलताना वाळू फाटत नाही. कोपऱ्यांत गोलाई. आणि आकसण्याची सूट: बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून २०० मिलिमीटरच्या कड्याचा पॅटर्न २०२चा. माझ्याकडे थ्री-डी प्रिंट तयार होती. तिच्या थरांच्या रेघांत वाळू अडकेल, असं काकांचं मत पडलं. पुट्टी, पॉलिश पेपर आणि लाखेचे हात देऊन ती गुळगुळीत केली. चकतीचा पॅटर्न त्यांनी स्वतः सागवानात केला. तो हातात घेतल्यावर प्रिंटचा मोह बराच कमी झाला.

८ मार्च

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली एक छोटी फौंड्री. मोल्डिंग, म्हणजे वाळूचा साचा भरणं, जवळून पाहायला मिळालं. बेंटोनाइट ही चिकणमाती, कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के ओलावा असलेली काळी वाळू. मिस्त्रींनी मूठभर घेतली, दाबली, मूठ उघडली. बोटांचे वळ वाळूवर स्पष्ट. मग तो गोळा मधोमध मोडला. कडा ढासळल्या नाहीत तेव्हा मान हलवली. प्रयोगशाळेतला अहवाल भिंतीवर टांगलेला होता, पण साच्याच्या पेटीत वाळू गेली ती या मुठीनंतर.

पॅटर्न उचलल्यावर साच्यात ठोकळ्यांच्या रांगा उलट्या दिसत होत्या, उंचवट्याच्या जागी खळगे. चावीच्या भोकाची वाळू तेवढी एका टोकाला खचली. मिस्त्रींनी ओल्या कुंचल्याने कडा भिजवली, पातळ पात्याने चिमूटभर वाळू बसवली आणि पुढे सरकले. सगळं मिळून एका श्वासाचं काम.

बीड ओतलं, निवलं, पेट्या फोडल्या. कडी छान निघाली. चकतीच्या कडा मात्र विचित्र चकचकीत. एक चकती हातोड्याने फोडून पाहिली. मधोमध तुटलेला भाग करडा आणि कडेला पांढरा शुभ्र, टोकदार स्फटिकांचा. पातळ भाग फार लवकर थंड झाला की कार्बनला ग्राफाइट म्हणून वेगळं व्हायला वेळ मिळत नाही, तो लोहाशी जुळलेलाच राहतो. हे पांढरं बीड. काचेसारखं ठिसूळ, आणि इतकं कठीण की लेथचं टूल त्यावर चालत नाही. मला बैठक लेथवर कापून समतल करायची आहे, त्यामुळे हे चालणार नव्हतं.

२२ मार्च

कडेची जाडी ५ वरून ७ मिलिमीटर केली, खालच्या बाजूला एक गोल रिब वाढवली. ओतताना लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेलं बीड धरायच्या डावात, फेरोसिलिकॉनचं इनॉक्युलंट टाकलं. त्याने ग्राफाइट सुटायला मदत होते. फोडलेला नमुना आरपार करडा. वजन थोडं वाढलं आहे. वाढू दे. जड अडणी ओट्यावर सरकत नाही.

५ एप्रिल

बैठक लेथवर घेतली. रस्त्यावरचं झाकण गाडी गेली की खडखडतं ते बहुतेक वेळा बैठक समतल नसल्यामुळे किंवा त्यात खडी अडकल्यामुळे. मशिनिंग न करता चकती ठेवून पाहिली तर पळी लागली तरी टकटक करायची. दोन्ही बाजू घेतल्यावर आवाज थांबला. भोवती २ मिलिमीटर फट ठेवली आहे. यापेक्षा कमी ठेवली तर साखरेचा दाणासुद्धा चकती अडवून धरतो.

पाय तीनच. तीन पाय कशाही ओट्यावर टेकतात, चौथा आला की लंगडणं आलं. चकतीलाही खाली तीन बुटके पाय आहेत, ते बैठकीच्या भोकातून खाली उतरतात.

१३ एप्रिल

पावडर कोटिंगचा पर्याय सोडला. ते पक्कं करतात तेच साधारण १८० ते २०० अंशांवर. भाकरीचा तवा त्याहून गरम असू शकतो. जवसाचं तेल निवडलं. अडणी कोमट करून अगदी पातळ हात, मग कोरड्या फडक्याने इतकं पुसायचं की तेल लावलंच नाही असं वाटावं, आणि ओव्हनमध्ये २३० अंशांवर तासभर. जाड हात दिला की चिकट राहतं. पाच-सहा थरांनंतर काळा रंग मुरतो. घरातला बिडाचा तवा अशाच थरांनी तयार होतो, फरक इतकाच की त्याला वर्षं मिळतात.

२७ एप्रिल

चाचणी, आमच्याच स्वयंपाकघरात. गॅसवरून उतरवलेला बिडाचा तवा थेट अडणीवर, अडणी सनमायकाच्या टेबलावर. तापमान इन्फ्रारेड बंदुकीने घेतलं. काळ्या बिडावर तिचा आकडा भरवशाचा येतो. चकचकीत स्टीलच्या भांड्यावर खूप कमी दाखवते, तिथे मापाच्या जागी काळी पट्टी चिकटवावी लागते. ठोकळ्यांचे माथे भराभर तापले, पण पायांच्या टोकांशी टेबल हाताला सोसेल इतपतच गरम झालं. तव्याचा स्पर्श फक्त माथ्यांना, टेबलाचा फक्त तीन टोकांना, आणि मध्ये १४ मिलिमीटर हवा. पायांना सिलिकॉनच्या टोप्या लावल्या, त्या ओरखड्यांसाठी.

पाच लिटरचा कुकर वरणाने भरून ठेवला, काही हललं नाही. कढईसाठी पळीच्या टोकाने चकती उचलली आणि रिंगणात ती व्यवस्थित बसली. ते काम सासूबाईंनीच केलं, आणि भोक जरा रुंद हवं असं सुचवलं. त्यांच्या पळीचं टोक चपटं आहे. भोक ३ मिलिमीटरने वाढवते.

रात्रभर ओली ठेवलेली अडणी सकाळी पाहिली. वरचा भाग स्वच्छ, बैठकीवर नारिंगी ठिपके. मशिनिंग झालेल्या गुळगुळीत भागावर तेल कमी धरतं. तिथे आणखी दोन हात द्यावे लागतील, आणि धुतल्यावर चकती वेगळी करून पुसायची हे कागदावर ठळक छापायचं.

११ मे

पाठीवर काय ओतायचं याचा निकाल लागला. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर 'मेड इन इंडिया' लिहिलेली झाकणं आहेत, त्यातली पुष्कळ हावड्याच्या फौंड्र्यांत ओतलेली. देशाचं नाव तिथवर पोचतं, मोल्डिंग करणाऱ्याचं कुठेच नसतं. माझ्या अडणीच्या पाठीवर फौंड्रीची खूण आणि साचा भरणाऱ्या मिस्त्रींचं आद्याक्षर, दोन्ही येणार. मिस्त्रींना विचारलं तेव्हा म्हणाले, "अक्षर जरा मोठं घ्या, वाळूत बारीक उठत न्हाई." त्यांच्या मापाने ६ मिलिमीटर उंचीचं घेतलं.

किंमत अजून जुळत नाही. लेथचं काम आणि तेलाचे थर मिळून ओतकामापेक्षा जास्त खर्च होतो आहे. बैठक लेथवर न घेता ग्राइंडरवर भागेल का, ते पुढच्या लॉटच्या आधी पाहायचं. तेल कमी करायचं नाही.

दुसऱ्या नक्षीसाठी पुण्यातल्या पेठांतले ठसे घ्यायचे आहेत, पावसाळ्याआधी. रस्ते खोदायला लागले की जुनी झाकणं बदलतात, आणि एकदा भंगारात गेलेल्या झाकणाचा ठसा मिळत नाही. पुढच्या रविवारी शनिवार पेठेपासून सुरुवात.